जुना कॅमेरा लिलावात विकताना: फीचा हिशोब आणि परताव्याची तयारी

ईबे या लिलावाच्या साइटवर नव्यानं विकायला लागलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘फी साडेतेरा टक्के म्हणाले होते, कापून घेतले साडेसोळा!’ तक्रार रास्त आहे. साइटनं कापलेले पैसे तिच्या नियमांप्रमाणे बरोबरच असतात, पण ते नियम वाचून कुणाला साडेसोळाचा अंदाज येत नाही.

आमच्या एडिसनमध्ये कुणी तळघर आवरायला काढलं की एखादा फिल्मचा कॅमेरा निघतोच, आणि तो विकायचा म्हटलं की फोन मला येतो. कोल्हापुरात माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा उघडायला मी तिथं शिकले. इथं न्यू जर्सीत आल्यावर गराज सेल, इस्टेट सेलमधून बंद पडलेले कॅमेरे आणायचे, चालू करायचे आणि लिलावात विकायचे, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. फोनवर जे सांगते तेच इथं सविस्तर लिहिते. विकणाऱ्यांचा साइटवरचा राग मला पूर्ण समजतो, पण कॅमेरा लिस्ट करण्याआधी, म्हणजे साइटवर विक्रीला लावण्याआधी, तासभर बसून हिशोब आणि पुरावे तयार केले तर त्यातलं बरंचसं नुकसान टळतं.

आधी कागद घ्या

ईबेनं २०२५च्या फेब्रुवारीत बहुतेक वर्गांची फी १३.२५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर नेली. साइटवर वर्गणी भरून घेतलेलं स्वतःचं ‘स्टोअर’ नसलेल्या विक्रेत्याला हा दर लागतो. शिवाय १० डॉलरपर्यंतच्या ऑर्डरला ३० सेंट आणि त्यावरच्या ऑर्डरला ४० सेंट वेगळे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. खरी मेख पुढे आहे. हे १३.६ टक्के नुसत्या कॅमेऱ्याच्या किमतीवर लागत नाहीत, गिऱ्हाइकानं मोजलेल्या एकूण रकमेवर लागतात. त्यात पोस्टेज आलं आणि राज्याचा विक्रीकरही आला. तो कर तुमच्या हातात येतही नाही. साइट तो परस्पर सरकारला भरते, पण त्यावरची टक्केवारी तुमच्याकडून घेते.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते. पेंटॅक्स के१०००, ५० मिलिमीटर लेन्ससकट. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी वीसेक वर्षं बनत होता, फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांना अजूनही हवा असतो, म्हणून उदाहरणाला चांगला. समजा तो १२० डॉलरला गेला. पोस्टेज १५ डॉलर. गिऱ्हाईक न्यू जर्सीतलंच, म्हणून १३५ डॉलरवर ६.६२५ टक्के कर, ८.९४. एकूण १४३.९४. त्याचे १३.६ टक्के १९.५८, अधिक ४० सेंट, म्हणजे फी झाली १९.९८. कॅमेऱ्याच्या १२० डॉलरशी ताडून पाहा, साडेसोळा टक्क्यांच्या वर जाते.

आता तुमच्या हातात आलेल्या १३५ डॉलरमधून बाकीचं वजा करा. फी १९.९८. पोस्टाचं लेबल १३. कॅमेरा गराज सेलमध्ये ४० ला घेतला होता. आत उजेड शिरू नये म्हणून लावतात त्या फोमच्या नव्या पट्ट्या, बॅटरी, अल्कोहोल मिळून ९. खोका आणि बबलरॅप ३. उरले ५० डॉलर २ सेंट, आणि ते एका अख्ख्या संध्याकाळच्या कामाचे. मागच्या झाकणाच्या खाचेतला जुना फोम कुजून डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो दातकोरणीनं, अल्कोहोलच्या बोळ्यानं कणाकणानं काढावा लागतो, आणि त्याचा एक कण शटरच्या पडद्यावर पडला तर काम वाढतं. हे ५० डॉलर त्याचे आहेत, हे विसरू नका.

हाच कॅमेरा लिलावात ६१ डॉलरला गेला तर? पोस्टेज धरून ७६, करासह ८१.०४, फी ११.४२. बाकीचे ६५ तसेच वजा. ४२ सेंट पदरचे जातात. म्हणजे या कॅमेऱ्याचा तळ ६१-६२ डॉलर आहे. प्रत्येक वस्तूचा हा तळ लिस्टिंग करायच्या आधी कागदावर आलाच पाहिजे. मी तो चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधून ठेवते. फोटो काढताना, लिस्टिंग लिहिताना, गिऱ्हाईक ‘शेवटचं किती घ्याल’ विचारतं तेव्हा तो आकडा डोळ्यांसमोर असतो.

एका डॉलरपासून सुरुवात करू नका

मंडळातल्या एका मुलानं मला विचारलं होतं, ‘मावशी, एक डॉलरपासून सुरू केलं की गर्दी जमते आणि भाव आपोआप चढतो म्हणतात, खरंय का?’ ज्या वस्तूमागे दहा-बारा जण हात धुऊन लागलेले असतात तिच्या बाबतीत खरं आहे. एखादी दुर्मीळ लायका लेन्स एका डॉलरपासून लावली तरी तिच्या भावापर्यंत पोहोचते. के१००० साठी त्याच आठवड्यात बाजारात इतर कितीतरी के१००० असतात. दोनच बोली लावणारे आले आणि एकाची कमाल मर्यादा ४० असली, तर तुमचा कॅमेरा चाळिशीतच अडकतो. कारण साइट दुसऱ्याची गुप्त कमाल रक्कम पूर्ण वापरत नाही, पहिल्याच्या रकमेच्या एक पायरी वर नेऊन थांबते. मग लिलाव मोडता येत नाही. मोडलात तर खात्यावर डाग लागतो.

म्हणून सुरुवातीची बोलीच तळाच्या वर ठेवा. आपल्या के१००० ची मी ८५ ठेवीन. बोली कमी येतील, येऊ द्या. राखीव किंमत, म्हणजे बोली तिथवर गेली नाही तर वस्तू विकायची नाही असा आकडा, लावण्याचा मोह मात्र टाळा. अमेरिकेच्या साइटवर तिची फी ५ डॉलर किंवा राखीव किमतीच्या ७.५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते, आणि वस्तू विकली गेली नाही तरी ती द्यावीच लागते. ११० ची राखीव किंमत लावली तर सव्वाआठ डॉलर गेलेच म्हणून समजा.

आणि भाव चढवायला भाऊजींना किंवा मैत्रिणीला बोली लावायला सांगू नका. कितीही जवळचं माणूस असो आणि त्याला खरंच कॅमेरा घ्यायचा असो, साइट त्याला खोटी बोली धरते आणि खातं बंद होऊ शकतं. घरातल्यांनी एकमेकांच्या लिलावापासून लांबच राहिलेलं बरं.

माझं मत विचाराल तर लिलाव दोनच प्रकारच्या वस्तूंना शोभतो. ज्याचा भाव कुणालाच नक्की माहीत नाही, किंवा ज्याच्यामागे संग्राहक खरोखर लागलेले आहेत. बाकी सगळं ठरलेल्या किमतीला लावा आणि ‘ऑफर द्या’ची सोय चालू ठेवा. महिन्याला २५० लिस्टिंग फुकट असतात, तेव्हा घाई नसेल तर वस्तू शांतपणे राहू द्या. भाव ठरवताना लोक काय मागताहेत ते बघू नका. शोधाच्या गाळणीत ‘विकलेल्या वस्तू’ निवडा आणि प्रत्यक्षात कितीला गेल्या ते पाहा. लिलावच लावायचा असेल तर सात दिवसांचा, रविवारी रात्री नऊच्या सुमाराला संपेल असा. तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा असतात आणि दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं घरात असतात.

लिस्टिंग भरताना शेवटच्या पानावर जाहिरातीचा एक चौकोन येतो आणि त्यात सुचवलेला दर आधीच भरलेला असू शकतो. तिथं थांबा. पाच टक्के दिसायला थोडे वाटतात, पण तेही करासकट एकूण रकमेवरच. आपल्या १४३.९४ वर ७.२० डॉलर, म्हणजे ५० चे राहिले ४२.८०. बाजारात तसल्याच वस्तूंची रेलचेल असेल तर दोन टक्के ठेवून बघा. दुर्मीळ वस्तूला शोधणारे शोधतातच.

परतावा: भांडण होण्याआधीच जिंकायचं असतं

फीपेक्षाही विक्रेत्यांचा जीव जळतो तो परताव्यावरून. ‘परत घेणार नाही’ असं लिहिलं की आपण सुटलो असं पुष्कळांना वाटतं. ते कलम फक्त ‘मला आता नको वाटतंय’ म्हणणाऱ्याला लागू पडतं. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असं गिऱ्हाइकानं म्हटलं की कॅमेरा परत घ्यावाच लागतो, परतीचं पोस्टेजही तुमचंच. वस्तू पोहोचल्यापासून ३० दिवस त्याला ही मुभा आहे. तक्रार आली की तुमच्याकडे कामाचे तीन दिवस असतात. त्यात उत्तर दिलं नाही तर साइट स्वतः निकाल लावते, आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूनं लागण्याची शक्यता मोठी. उत्तर देताना रागाचा एक शब्दही लिहू नका, ते सगळं निकाल देणारा वाचतो.

या असमतोलाला इतिहास आहे. २००८च्या मे महिन्यात ईबेनं विक्रेत्यांना गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा द्यायची बंदी केली. कारण दिलं गेलं की विक्रेते सूड म्हणून उलट शेरा देतात आणि त्या भीतीनं गिऱ्हाईक खरं लिहीत नाही. ते कारण खोटं नव्हतं. पण त्याआधी दोन्ही बाजूंच्या हातात काठी होती, तेव्हापासून एकाच बाजूच्या हातात राहिली. नियम लागू होण्याआधी, त्या वर्षी फेब्रुवारीत, विक्रेत्यांनी आठवडाभर लिस्टिंग बंद ठेवून निषेधही केला. नियम बदलला नाही. मला तो अन्याय वाटतो, आजही. म्हणूनच सांगते, शेऱ्यावर विसंबू नका, पुराव्यावर विसंबा.

पुरावा वर्णनापासून सुरू होतो. ‘उत्तम चालतो’ हे दोन शब्द विक्रेत्याला सगळ्यात महाग पडतात. काय तपासलं, कसं तपासलं, आणि काय तपासलं नाही, तेवढंच लिहा. माझं वर्णन असं असतं: ‘शटर सगळ्या वेगांना उघडतो आणि बंद होतो. मीटरची सुई उजेडाला हलते, अचूकता मोजलेली नाही. फिल्म घालून पाहिलेली नाही. लेन्सच्या मागच्या भिंगात कडेला बुरशीचा धागा आहे, फोटो क्रमांक ७ पाहा.’ बुरशी दाखवायची तर लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा आणि छिद्र पूर्ण उघडून समोरून फोटो घ्यायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे स्वच्छ दिसतात. हा फोटो पाहून काही गिऱ्हाइकं निघून जातात. जी राहतात ती त्याच कारणासाठी कॅमेरा परत करू शकत नाहीत.

प्रत्येक कॅमेऱ्याची खोड माहीत करून घ्या आणि ती आधीच लिहा. कॅनन एई-१ मध्ये आरशाच्या यंत्रणेतलं तेल वाळलं की बटण दाबल्यावर शिंकेसारखा चीं आवाज येतो. त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका. हाच कॅमेरा बॅटरीशिवाय शटर सोडतच नाही, तेव्हा ‘६ व्होल्टची बॅटरी घातल्याशिवाय शटर दबणार नाही’ हे ठळक लिहा, नाहीतर ‘बंद आहे’ म्हणून परत येतो. यॅशिका इलेक्ट्रो ३५ ची मूळ बॅटरी पाऱ्याची होती. १९९६च्या कायद्यानं अमेरिकेत पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, त्यामुळे अडॅप्टर लागतो. सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ या लेन्सच्या नंतरच्या आवृत्तीच्या भिंगात थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य आहे, त्यानं काच पिवळी पडते. यातलं काहीही लपवून फायदा नाही. जो कॅमेरा चालत नाही तो सरळ ‘सुट्या भागांसाठी’ या वर्गात टाका. भाव पडेल, पण तो कॅमेरा परत येण्याची शक्यता फारच कमी होते.

दुसरा पुरावा क्रमांकाचा. कॅमेऱ्याच्या अंगावरचा आणि लेन्सच्या पुढच्या कड्यावरचा, दोन्ही क्रमांक वाचता येतील असे फोटो लिस्टिंगमध्येच हवेत. मग पॅक करताना एक सलग व्हिडिओ: हातात कॅमेरा, क्रमांक, शटर दाबल्याचा आवाज, खोक्यात ठेवणं, टेप, वर चिकटवलेलं लेबल. मध्ये कुठंही न तोडता. एकदा एका गिऱ्हाइकानं ‘शटर अडकलाय’ म्हणून कॅमेरा परत पाठवला. खोका उघडला तर मॉडेल तेच, पण कॅमेरा दुसरा. झाकणाच्या कोपऱ्यावर पोचा होता, माझ्या कॅमेऱ्यावर नव्हता. क्रमांकातले शेवटचे तीन आकडे वेगळे. मी खोका उघडतानाचाही व्हिडिओ घेतला होता. परतावा देण्याआधी दोन्ही क्रमांकांचे फोटो शेजारी-शेजारी लावून ‘वेगळी वस्तू परत आली’ अशी तक्रार केली, आणि निकाल माझ्या बाजूनं लागला. परत आलेला खोका उघडण्याआधी मोबाइल स्टँडला लावा, त्यात आळस नको.

पाठवताना ट्रॅकिंगशिवाय काहीही पाठवू नका. पोस्टाच्या ग्राउंड अ‍ॅडव्हांटेज सेवेत १०० डॉलरचा विमा अंतर्भूत असतो, त्यावरच्या किमतीला जादा विमा घ्या. एकूण रक्कम ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली तर पोच देताना सही घेणं सक्तीचं धरा. सही नसेल तर ‘मिळालंच नाही’ या दाव्यापुढे तुमचं काही चालत नाही. परदेशी गिऱ्हाइकासाठी साइटची स्वतःची आंतरराष्ट्रीय सेवा घ्यावी. तुम्ही इलिनॉयच्या केंद्रापर्यंत पोहोचवायचं, पुढची जबाबदारी त्यांची.

गिऱ्हाईक थेट बँकेकडून किंवा कार्ड कंपनीकडून पैसे मागे ओढतं, तो प्रकार वेगळा. त्यात दोष तुमचा ठरला तर २० डॉलरची जादा फी बसते. ट्रॅकिंग आणि व्हिडिओ इथंही उपयोगी पडतात.

बोली जिंकून पैसे न देणारे

चार दिवस वाट पाहायची, मग ‘पैसे दिले नाहीत’ या कारणानं ऑर्डर रद्द करायची. कारण नेमकं तेच निवडा, म्हणजे त्याच्या खात्यावर नोंद होते. नंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला ‘दुसरी संधी’ पाठवता येते. सेटिंगमध्ये अशी नोंद असलेल्यांना बोलीपासून रोखण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. त्रास दिलेल्याचं नाव बंदीच्या यादीत टाका.

खात्याचा दर्जा सांभाळा. तुमच्या चुकीच्या म्हणून नोंदलेल्या व्यवहारांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेलं की खातं खालच्या दर्जात जातं आणि फीवर आणखी टक्के चढतात. म्हणून साठा हातात नसताना, किंवा भारतात सुट्टीला जाताना, लिस्टिंग चालू ठेवू नका. ‘रजेवर’ची सोय वापरा. नव्या खात्याचे पैसे सुरुवातीला काही दिवस अडकवून ठेवतात. ते बुडत नाहीत, वस्तू पोहोचल्याची नोंद झाली की सुटतात. पण घरभाड्याचा हिशोब त्यावर लावू नका.

साइट बदलून सुटका होईल असं वाटत असेल तर थोडं थांबा. एट्सीनं २०२२च्या एप्रिलमध्ये फी ५ वरून ६.५ टक्के केली, तेव्हा तिथल्याही विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली होती. मी वस्तूप्रमाणे जागा ठरवते. प्रोजेक्टर, एन्लार्जर (फिल्मवरून मोठे फोटो छापायचं यंत्र), जड ट्रायपॉड हे पोस्टानं पाठवायच्या भानगडीत पडत नाही. गावातल्या गावात, पोलिस ठाण्याच्या पार्किंगमध्ये भेटून, रोख. चाळीस डॉलरच्या आतल्या वस्तू एकेक न विकता तीन-चार एकत्र लावते, म्हणजे एका खोक्यात काम होतं. लांबच्या संग्राहकाला हवी असलेली वस्तू मात्र लिलावाच्या साइटवरच. ते गिऱ्हाईक मला एडिसनच्या चौकात भेटणार नाही, आणि त्या गिऱ्हाइकासाठी मी ती फी देते.

कराचं थोडक्यात: वर्षभरात साइटवरून किती पैसे आले ते कर खात्याला कळवणारा १०९९-के फॉर्म साइटकडून येतो. त्याची केंद्राची मर्यादा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार आहे, पण न्यू जर्सीची १,००० डॉलर. फॉर्म येवो न येवो, नफ्यावर कर आहेच. फॉर्मवर फी, पोस्टेज वजा न करता एकूण आकडा येतो, म्हणून खरेदीच्या पावत्या जपा. गराज सेलवाले पावती देत नाहीत. मी तारीख, पत्ता आणि मोजलेले पैसे वहीत लिहून त्या दिवशीच कॅमेऱ्याचा फोटो काढून ठेवते.

पुण्या-कोल्हापुराहून विचारणाऱ्यांसाठी: ईबेची भारतातली साइट २०१८च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. तिथून अमेरिकेच्या साइटवर निर्यातदार म्हणून विकता येतं, मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९७२च्या पुरावशेष कायद्यानं १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं देशाबाहेर विकायला पाठवता येत नाहीत. आजोबांची पितळी समई किंवा शिवराई नाणं लिलावात लावण्याआधी तिचं वय नक्की करा, शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्या. दुसरं, अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपली आहे. आयात शुल्क कोण भरणार हे लिस्टिंगमध्येच स्पष्ट लिहा आणि ते धरून तळाचा आकडा नव्यानं काढा.